अवघडलेपण कोणी सोसायचे?

कामाच्या ठिकाणच्या वागणुकीचा एखादा प्रकार वर्तमानपत्रांत आला, की चर्चेचे दोन तट पडतात. एका बाजूचे म्हणणे असे, की माणसे हल्ली फार हळवी झाली आहेत. पूर्वी कचेरीत थट्टामस्करी चालायची, कोणी मनावर घेत नसे, आता तोंड उघडायचीही सोय राहिलेली नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की कायदा आहे, समित्या आहेत, ज्याला त्रास होतो त्याने लेखी तक्रार करावी आणि दोषी ठरेल त्याला शिक्षा व्हावी. या भूमिका एकमेकींच्या विरुद्ध दिसतात, परंतु एका बाबतीत त्यांचे पूर्ण एकमत आहे: प्रसंग घडला तेव्हा त्या खोलीत जे आणखी आठदहा जण बसले होते, त्यांचा या साऱ्याशी काही संबंध नाही. प्रश्न जणू करणारा आणि सोसणारा या दोघांपुरताच आहे. माझा आक्षेप नेमका या गृहीतकाला आहे, कारण ही चर्चा वर्षानुवर्षे जागची हलत नाही ती त्याच्यामुळेच.

माझे म्हणणे असे आहे. नोकरीत माणसाला खुपणाऱ्या गोष्टींपैकी बहुतेक आकाराने लहान असतात; इतक्या लहान, की त्या बोलून दाखवताना बोलणाऱ्यालाच संकोच वाटावा. त्या बोलल्या नाहीत म्हणून संकोच नाहीसा होत नाही. तो फक्त त्या खोलीत ज्याचे स्थान सर्वांत कच्चे असेल त्याच्या वाट्याला जातो आणि मुकाट्याने तिथेच राहतो. म्हणून अशी गोष्ट उच्चारण्याची पहिली जबाबदारी सोसणाऱ्याची नाही, शेजारी बसलेल्या सहकाऱ्याची आहे. आणि ज्याची नोकरी, पद किंवा प्रतिष्ठा जितकी पक्की, तितकी ती त्याच्यावर अधिक आहे.

लहान म्हणजे कोणत्या गोष्टी? बैठकीत एखादी अभियंता सूचना मांडते, ती कोणाच्या कानावर पडल्यासारखी दिसत नाही, आणि दहा मिनिटांनी तीच सूचना दुसऱ्या कोणी मांडली की सगळे माना डोलावतात. बाहेरचे पाहुणे आले की चहाचे पाहण्याचे आणि बैठक संपली की इतिवृत्त लिहिण्याचे काम न सांगता तिच्याकडेच जाते, मग ती तिथल्या पुरुषांना वरिष्ठ का असेना. नव्याने रुजू झालेल्या मुलाला आधी आडनाव, मग गाव, मग ‘तुमच्यात काय काय चालतं’ असे विचारत विचारणारा आपल्याला हवी ती माहिती काढून घेतो. सफाई करणाऱ्या मावशींचा कप वेगळ्या फळीवर असतो. खानदेशातून किंवा झाडीपट्टीतून आलेल्या सहकाऱ्याच्या बोलीची नक्कल रोज जेवणाच्या सुट्टीत होते आणि तोही हसतो, कारण न हसून त्याला परवडणार नसते. क्षेत्रभेटीचा दिवसभराचा कार्यक्रम आखताना सोबतच्या महिला सहकाऱ्यांना स्वच्छतागृह कुठे मिळेल याचा विचार होत नाही, आणि त्या बिचाऱ्या सकाळपासून पाणी पिणे टाळतात. यांतली एकही गोष्ट कोणी तक्रार म्हणून नोंदवणार नाही. उलट जिच्यावर ती घडते तिने स्वतःच बोलून दाखवली, तर त्याच दिवशी तिची गणना कटकट करणाऱ्यांत होते. तेच वाक्य शेजारच्याने उच्चारले तर त्याला फार तर क्षणभर कोणी चमकून पाहील. बोलण्याची किंमत दोघांना सारखी पडत नाही, ही या प्रश्नातली मूळ गोष्ट आहे आणि दोन्ही तटांवर तिचा विचार होत नाही.

कायद्यावर भिस्त ठेवणाऱ्यांचे म्हणणे मी आधी घेतो, कारण त्यांच्या हेतूशी माझे भांडण नाही. राजस्थानातल्या साथीण (सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातल्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्या) भंवरीदेवींवर १९९२ साली, बालविवाह रोखण्याचे आपले नेमून दिलेले काम केल्याबद्दल, जो अत्याचार झाला, त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि त्यांचा कायदा व्हायला २०१३ साल उजाडले. दहा किंवा त्याहून अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, ही तरतूद मोठ्या कष्टाने मिळालेली आहे. परंतु त्या कायद्याची रचना पाहा. तक्रार लेखी हवी, सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत हवी, मग चौकशी, साक्षी, अहवाल. गंभीर आरोपाला ही काटेकोर पद्धत शोभते आणि आरोप झालेल्याच्या न्यायासाठीही ती आवश्यक आहे. पण आडनाव खोदून विचारणाऱ्याचे काय करायचे? बोलणे अर्ध्यावर तोडणाऱ्याचे काय? लैंगिक छळाच्या व्याख्येत ते बसत नाही, आणि ते बसवण्याचा आग्रहही कोणी धरू नये. कायद्याचे जिथे काम नाही अशी फार मोठी जागा प्रत्येक कचेरीत उरते. तिथे जी काही दुरुस्ती होईल ती माणसांच्या बोलण्यानेच होईल.

आता ज्यांना हा सारा हळवेपणा वाटतो त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा. ते म्हणतात, प्रत्येक वाक्य तपासले जाऊ लागले तर कामाच्या जागी मोकळेपणा राहणार नाही. माणसे एकमेकांशी जेवढ्यास तेवढे बोलतील, आणि ज्या आपलेपणावर आपल्याकडची कचेरी चालते तोच आटेल. हे भय खोटे नाही. शब्दाशब्दाला हटकणारा सहकारी मीही पाहिला आहे आणि त्याच्या येण्याने खोली गप्प होते, हेही खरे. पण ज्या मोकळेपणाच्या आठवणी काढल्या जातात तो कोणाचा मोकळेपणा होता? ज्याची नक्कल होत होती त्यालाही तेवढेच मोकळे वाटत होते का, हे त्याला कधी कोणी विचारले का? शिवाय वातावरण कशाने अधिक बिघडते याचा नीट हिशेब मांडायला हवा. ‘राहू द्या आता, रोज तेच झालंय’ एवढे एक वाक्य पहिल्याच आठवड्यात कोणी म्हटले असते, तर नक्कल करणारा थोडा ओशाळला असता आणि प्रकरण तिथेच मिटले असते. ते कोणी म्हटले नाही म्हणून दोन वर्षांनी राजीनामा येतो, किंवा तक्रार येते, आणि मग त्याच माणसाला वाटते की आपल्याला कधी कोणी काही सांगितले नाही, एकदम कागदच आला. त्याचे हे वाटणे पुष्कळदा खरे असते. वेळेवर बोललेली लहान गोष्ट चुकणाऱ्यावरही उपकारच करते, कारण तेव्हा चूक सुधारण्याची किंमत अगदी थोडी असते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि तो सहृदय माणसांकडून येतो. तुम्हाला कोणी वकीलपत्र दिले होते का, असा तो आक्षेप आहे. जिच्या वतीने तुम्ही बोललात तिला कदाचित तो विषय निघायलाच नको होता. तुम्ही बोललात आणि सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. अपमान होता त्याहून मोठा झाला, आणि वर तुमची वाहवा झाली. असे घडते, आणि पाठिंब्याच्या नावाखाली स्वतःचा मोठेपणा मिरवणारी माणसे असतात, हे मला मान्य आहे. मात्र या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष गप्प राहा हा नाही. तिच्या भावनांविषयी बोलू नका, समोर घडलेल्या गोष्टीविषयी बोला, हा आहे. ‘तिला किती वाईट वाटलं असेल’ असे म्हणणाऱ्याने तिला सर्वांसमोर दुबळी ठरवलेले असते. ‘थांबा, मॅडमचं बोलणं पुरं होऊ दे’ असे म्हणणाऱ्याने तसे काही केलेले नसते. त्याने फक्त बैठकीचा साधा शिष्टाचार सांभाळला. ‘हा मुद्दा मघाशी त्यांनीच मांडला होता, पुढचं त्यांच्याकडूनच ऐकू या’, ‘आजचं इतिवृत्त मी लिहितो’, ‘आडनावाचं राहू द्या साहेब, कामाचं बोलू’, ‘दुपारी तालुक्याच्या गावी थांबू, तिथे बायकांसाठी सोय आहे’: या वाक्यांत कोणाची कैफियत नाही, कोणावर आरोप नाही, आणि कोणाच्या वतीने बोलण्याचा दावाही नाही. गोष्ट अधिक नाजूक असेल तर आधी तिलाच बाजूला विचारावे, की मी बोलू का, कसे बोलू. नको म्हणाली तर तो तिचा अधिकार आहे. ही सावधगिरी सोपी आहे. तिचे निमित्त करून कायमचे गप्प बसणे मला पटत नाही.

याच ठिकाणी आपल्याकडच्या एका सवयीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण ती सद्भावनेचा वेष घेऊन येते. बैठकीत कोणाचा पाणउतारा होतो, सगळे समोरच्या कागदाकडे पाहत बसतात, आणि मग संध्याकाळी टपरीवर किंवा जिन्यात एकेक जण त्या व्यक्तीजवळ येऊन हळू आवाजात म्हणतो, ‘आज फारच चुकीचं बोलले हो तुम्हाला. मला तर काही पटलं नाही.’ सांत्वन करणाऱ्याला वाटते आपण पाठिंबा दिला. पण ज्याने चूक केली त्याच्यापर्यंत यातला एक शब्दही पोचलेला नसतो, आणि जिच्यावर ती घडली तिला आणखी एक गोष्ट कळलेली असते: खोलीतल्या सर्वांना हे चूक आहे असे वाटत होते आणि तरीही कोणी बोलले नाही. आपल्या एकटीलाच ते चूक वाटते असे ती समजत होती, तेव्हा निदान स्वतःला दोष देता येत होता. खासगीत बोलण्याला माझा विरोध नाही. वडीलधाऱ्याला चारचौघांत टोकू नये, बाजूला घेऊन सांगावे, ही आपली रीत शहाणपणाची आहे आणि पुष्कळदा तीच अधिक परिणाम करते. पण बाजूला घ्यायचे ते चुकणाऱ्याला. ‘साहेब, सकाळी तुम्ही त्यांचं बोलणं दोनदा तोडलंत, तुमच्या ध्यानात आलं नसेल’ हे सांगण्याची भीड आपल्याला पडते, आणि ती भीड झाकण्यासाठी आपण सोसणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतो. भिडस्तपणाला आपण सौजन्य म्हणतो. पण त्याची किंमत दुसऱ्याच कोणाला मोजावी लागत असेल, तर त्याला सौजन्य म्हणणे मला अवघड जाते.

इतिहासातला एक प्रसंग या संदर्भात मला फार मोलाचा वाटतो, आणि तो योगायोगाने नोकरीच्या जागेचाच आहे. कोल्हापूर संस्थानच्या पागेत नोकरीला असलेल्या, त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतल्या गंगाराम कांबळे यांना, पाण्याच्या हौदाच्या कारणावरून, तिथल्याच इतर नोकरांनी मारहाण केली. कानावर आल्यावर शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. तक्रार, चौकशी, शिक्षा एवढ्यावर प्रकरण मिटले असते तर कागदोपत्री न्याय पुरा झाला होता. परंतु नोकरी सोडून कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले तेव्हा तिथे वरच्या जातींतले गिऱ्हाईक फिरकेना, आणि कोणालाही चहा प्यायला भाग पाडणारा हुकूम काढता येत नव्हता. तेव्हा महाराज आपली गाडी त्या हॉटेलसमोर उभी करून चहा मागवू लागले, आणि सोबतच्या मानकऱ्यांना व अधिकाऱ्यांनाही तोच चहा देऊ लागले. त्या मंडळींना किती अवघडल्यासारखे झाले असेल! पण तोवर ते सारे अवघडलेपण एकट्या गंगाराम कांबळे यांच्या वाट्याला होते; आता ते गाडीत बसलेल्यांमध्ये वाटले गेले. शिक्षेने मारणारे थांबले असतील. हॉटेल चालले ते चहाने.

यावर कोणी म्हणेल, महाराजांना कोणाची भीती होती? बरोबर, म्हणूनच ते काम त्यांचे होते. आजच्या कचेऱ्यांत कंत्राटावर घेतलेला, परिवीक्षेवर असलेला, ज्याचा करार मार्चअखेरीस नव्याने व्हायचा आहे असा कर्मचारी गप्प बसला तर त्याला भ्याड म्हणण्याचा कोणालाच अधिकार नाही. त्याच्या बोलण्याची किंमत त्याच्या घराचे भाडे असू शकते. पण हे कारण पुढे करणाऱ्यांत मला पुष्कळदा कायम नोकरीतली, निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आलेली, बदली आणि गोपनीय अहवाल या दोहोंच्या पलीकडे गेलेली माणसे दिसतात. त्यांना नेमके काय गमवायचे आहे? कनिष्ठाची असुरक्षितता हे वरिष्ठाच्या मौनाचे कारण कसे होऊ शकते?

आणि ज्यांचे स्थान तितके पक्के नव्हते अशांनीही इतरांच्या बारीकसारीक गोष्टी हातात घेतल्याची उदाहरणे आहेत. मुंबईच्या गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी काही काळ गिरणीत भांडारपालाचे काम केले होते. यंत्रावर उभे राहणारे कामगार ते नव्हते, पण काय चालले आहे ते डोळ्यांनी पाहत होते. त्यांच्या पुढाकाराने १८८४ साली सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे जे निवेदन तयार झाले, त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारी अर्धा तास विश्रांतीचीही मागणी होती. अर्धा तास! आज ती कोणाला मागणीही वाटणार नाही, इतकी ती आपल्या दिनक्रमाचा भाग झाली आहे. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडले.

अलीकडचे उदाहरण केरळमधले आहे. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय असावी असे कलम होते, पण कापडाच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या मुलींना ते लागू नव्हते. गिऱ्हाईक नसतानाही बसायचे नाही, आणि स्वच्छतागृह नाही म्हणून पाणी प्यायचे नाही, असा त्यांचा दिवस असे. लघवीला जायला जागा नाही, हे मालकासमोर कोण उच्चारणार? कोळिकोडच्या बाजारपेठेत शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी आसपासच्या दुकानांतल्या बायकांना एकत्र करून ‘पेणकूट्ट’ ही संघटना उभी केली आणि याच न उच्चारल्या जाणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात केली. त्या चळवळीचा शेवट २०१८ मध्ये केरळच्या कायद्यातल्या दुरुस्तीत झाला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही दुकानांतल्या कर्मचाऱ्यांसाठी बसण्याची तरतूद केली. एक स्टूल आणि एक स्वच्छतागृह यांच्यासाठी स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे लागली, ती मागणी खर्चाची होती म्हणून नव्हे. ती बोलायला लाजिरवाणी होती, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे, असे मी समजतो.

लहान गोष्टी बोलण्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो केवळ सौजन्यापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एकोणीस बाबींची एक तपासणी यादी तयार केली. छेद घेण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगायचे, ही त्यांतली एक बाब. रोज एकत्र काम करणाऱ्या, पदांच्या उतरंडीची सवय झालेल्या लोकांना ते किती कृत्रिम वाटले असेल याची कल्पना करता येते. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मोठ्या गुंतागुंतींचे प्रमाण अकरा टक्क्यांवरून सात टक्क्यांवर आणि मृत्यूंचे दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सगळे श्रेय नाव सांगण्याला देणे चुकीचे होईल. पण ते यादीत का घातले याचे कारण स्पष्ट आहे. ज्या परिचारिकेने सुरुवातीला एकदा तोंड उघडले आहे, तिला तासाभराने ‘डॉक्टर, एक कापूस कमी भरतोय’ म्हणणे सोपे जाते. बोलणे ही सवय आहे, आणि ऐकणे ही त्याहून अवघड सवय आहे. २२ मे २०१० रोजी मंगळूरला उतरताना एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टीपलीकडे दरीत कोसळून १५८ माणसे गेली. विमान पुन्हा वर घ्या, असे सहवैमानिकाने तीनदा सांगितल्याचे तपासात आढळले. तो गप्प नव्हता. त्याचे ऐकले गेले नाही. बिनमहत्त्वाच्या दिवशी कनिष्ठाचा शब्द ऐकून थांबण्याची सवय जिथे नसते, तिथे तो शब्द निर्णायक क्षणी अचानक वजनदार कसा होईल?

म्हणून ज्याला सांगितले जाते त्याने काय करावे, हाही या चर्चेचा भाग असायला हवा. खुलासे, हेतूची ग्वाही, आपण किती उदार आहोत याचे दाखले, यांची गरज नसते. किंबहुना त्यांनी सांगणाऱ्यालाच अपराध्यासारखे वाटू लागते. ‘बरोबर आहे, लक्षात आलं नाही’ एवढे म्हणून काम पुढे न्यावे. हेतू वाईट नव्हता हे बहुतेक वेळा खरेच असते, आणि कोणी तो वाईट होता असे म्हटलेलेही नसते. हे एक वाक्य वरिष्ठाच्या तोंडून दोनदा ऐकू आले, की त्या विभागात बोलण्याची भीती कशी कमी होते ते पाहण्यासारखे असते.

लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यानुसार अंतर्गत समितीला दरवर्षी अहवाल द्यावा लागतो आणि त्यात त्या वर्षीच्या तक्रारींची संख्या नोंदवावी लागते. ‘तक्रारी: शून्य’ अशी नोंद अनेक संस्था अभिमानाने मिरवतात. त्या शून्याचे दोन अर्थ संभवतात: गोष्टी वेळच्या वेळी बोलल्या आणि सुधारल्या जात आहेत, किंवा कोणी काहीच बोलत नाही. यांतला खरा कोणता, हे अहवाल वाचून कळत नाही. ते विभागप्रमुखांना विचारून कळू शकते. गेल्या सहा महिन्यांत तुमच्या विभागात कोणी कोणासाठी काय बोलले, त्यावर काय बदलले, बैठकांची इतिवृत्ते आलटूनपालटून लिहिली जातात का, क्षेत्रभेटीचा कार्यक्रम आखताना स्वच्छतागृहांची चौकशी होते का, असे प्रश्न संस्थेच्या प्रमुखाने आपल्या आढावा बैठकीत नेमाने विचारावेत. आणि त्या बैठकीला बसलेल्यांपैकी ज्याची नोकरी सर्वांत जुनी आहे, त्याने पहिले उत्तर द्यावे.